निबंध कुणाच्या पोराला, रिमांड होम कुणाच्या?

राजारामपुरीच्या वरच्या एका गल्लीत रात्री लावलेली मोटारसायकल सकाळी जागेवर नव्हती. दुसऱ्या दिवशी ती टाकाळ्याच्या पुढे रस्त्याकडेला मिळाली. पेट्रोल संपले तिथे सोडून दिलेली. नेणारी तीन पोरे, सोळा-सतरा वर्षांची, खालच्या वस्तीतली. त्यातल्या एकाची आई धुण्याभांड्याची कामे सोडून आमच्याकडे आली. "वकीलसाहेब, चोरटं न्हाई वो माझं पोरगं. गाडी फिरवायची हौस लागलीया मेल्याला." ही गोष्ट जुनी झाली. पोरांची नावे, गल्लीचा नंबर आम्ही सांगणार नाही. बालन्याय कायद्याचे कलम ७४ ते सांगू देत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. अशी पोरे कोल्हापूरच्या प्रत्येक वस्तीत आहेत.

पोराने एक रात्र पोलीस ठाण्याच्या बाकावर काढली, दुसरी रिमांड होममध्ये. मग जामीन झाला. नंतर तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला आईचा रोज बुडाला. चौकशी कायद्याने दिलेल्या मुदतीत पुरी झाली नाही म्हणून शेवटी प्रकरण बंद झाले. आम्ही वकील म्हणून जिंकलो म्हणायचे. पण त्या गाडीचा मालक एकदा आम्हाला चहाच्या गाड्यावर भेटला. त्याचे म्हणणे एवढेच होते की, आरसा फुटला त्याचे पैसे कुणीतरी द्यावेत आणि पोरांनी घरी येऊन 'चुकलं' म्हणावे. हे त्याला कुणी विचारलेच नव्हते. आजही तो वस्तीतला पोरगा गल्लीत दिसला की दारात येऊन उभा राहतो. प्रकरण बंद झाले, मिटले नाही.

आता दुसरे प्रकरण पाहा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका बिल्डरच्या सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी जामीन झाला. अटींमध्ये अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम. देशभर संताप उसळला तेव्हा त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले, आणि २५ जून २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडले. मधल्या काळात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयाचे डॉक्टर अटकेत गेले. पुढे मंडळाचे दोन बिगरन्यायिक सदस्यही हटवले गेले. त्या मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली.

या प्रकरणात आमचे अनेक कार्यकर्ते रागाने म्हणाले, हा बालन्याय कायदाच मोडून काढा. आम्हाला ते पटत नाही. राग निबंधावर काढून उपयोग काय? कायद्याच्या कलम १८ मध्ये समज देऊन सोडणे आहे, गटसमुपदेशन आहे, समाजसेवा आहे, तीन वर्षांपर्यंत परिविक्षा आहे. विशेष गृहात ठेवणे ही त्या यादीतली शेवटची पायरी आहे. कायद्याच्या मूलतत्त्वांत तर स्पष्ट लिहिले आहे की, शक्य तिथे बालकाला न्यायालयीन प्रक्रियेबाहेरचा मार्ग द्यावा. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार घृणास्पद गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर बालकावर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही, दैनंदिनीत नोंद करून त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा. म्हणजे आमच्या मोटारसायकलवाल्या पोराचा गुन्हा या कायद्याच्या भाषेत किरकोळ. मग त्याच्या वाट्याला यातले काय आले? ठाण्याचा बाक, रिमांड होम आणि तारखा.

कायदा दोघांना एकच होता. पुण्याच्या पोराला पर्याय काही तासांत सापडला, कारण तो शोधून देणारी माणसे पैसे मोजून उभी होती. वस्तीच्या पोराला पर्याय शोधून देण्याचे काम सरकारचे आहे आणि सरकारने त्यासाठी माणूस नेमलेला नाही, नेमला तर कंत्राटावर आणि शंभर कामांच्या ओझ्याखाली. समाजसेवा करायला लावायची तर कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, पोराला तिथे नेणार कोण, अहवाल लिहिणार कोण? या चार प्रश्नांना पैशाशिवाय उत्तर नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१३ च्या अहवालात पकडल्या गेलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी मुले वर्षाला २५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतली होती. ही कुणाची घरे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून आम्ही आज एक मागणी मांडतो आहोत. ती ऐकून काहींच्या भुवया वर जातील. आमचे म्हणणे असे की, बाल न्याय मंडळाच्या देखरेखीखाली आणि सरकारी खर्चाने कोल्हापुरात युवा न्यायालय सुरू करावे.

युवा न्यायालय म्हणजे काय? अमेरिकेत अलास्का राज्यातील अँकरेज शहरात १९८९ पासून ते चालते. शाळकरी मुलांना कायद्याचे प्रशिक्षण देतात, त्यांची परीक्षा घेतात, आणि मग किरकोळ गुन्ह्यात चूक कबूल केलेल्या मुलापुढे ही मुलेच वकील आणि न्यायाधीश म्हणून बसतात. दोषी की निर्दोष हा प्रश्न तिथे नसतो. झालेले नुकसान कसे भरून काढायचे, एवढाच असतो. माफी, भरपाई, काही तासांचे काम, एखादा वर्ग. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे उदाहरण वॉशिंग्टन शहराचे आहे. तिथे १९९६ मध्ये एडगर कान या कायद्याच्या प्राध्यापकाने असे न्यायालय उभे केले. समोर येणारी मुले बहुतेक काळी, आणि ज्युरीत बसणारी मुलेही काळी. जो आज चूक कबूल करून उभा राहिला तो उद्या स्वतः ज्युरीत बसायचा. ज्युरीत बसलेल्या तासांच्या बदल्यात त्या मुलांना जुने दुरुस्त केलेले संगणक मिळायचे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना निवाडा करण्याच्या खुर्चीत बसवले होते.

खुर्चीचे मोल आम्हाला कळते. याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. ज्यांना कोर्टाच्या पायरीवर उभे राहण्याची चोरी होती त्यांना कोर्टात बोलण्याचा अधिकार दिला. आणि १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी महाराजांनी बंद केली. जन्मानेच चोर ठरवून माणसाला रोज चावडीवर हजर राहायला लावायचे, ती ही हजेरी. कागदावरची हजेरी गेली. पण वरच्या गल्लीत गाडी हरवली की खालच्या वस्तीत जीप येते, ही कोणती हजेरी म्हणायची?

आमच्यापैकी काहींना ही सारी अमेरिकेची नक्कल वाटेल. त्यांनी विनयपिटक उघडून पाहावे. सुधम्म नावाच्या भिक्खूने चित्त गृहपतीचा अपमान केला. तथागतांनी त्याला संघातून हाकलले नाही. जाऊन चित्ताची क्षमा माग, असे सांगितले. सुधम्म गेला, पण शरमेने तोंडच उघडेना, तसाच परत आला. तेव्हा संघाने त्याच्यासोबत एक अनुदूत द्यावा असे तथागतांनी सांगितले. दुसरा भिक्खू, जो त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत जाईल आणि वेळ पडली तर त्याच्या वतीने बोलेल. या संघकर्माला पटिसारणीय कम्म म्हणतात. अंगुलिमालाची कथा आपण विहारात नेहमी सांगतो. बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये घेतली आहे. सुधम्माची मात्र फारशी कुणी सांगत नाही. आमच्या मोटारसायकलवाल्या पोराला नेमका हा अनुदूत हवा होता. त्या मालकाच्या दारापर्यंत त्याला एकट्याने जाता आले नसते. आणि आम्ही वकील असून आम्हीही गेलो नाही, कारण कबुली दिली तर प्रकरण अंगावर येईल अशी वकिली भीती आम्हाला होती.

ही भीती खोटी नाही. युवा न्यायालय चूक कबूल केलेल्या मुलासाठी असते. आमच्या वस्तीतल्या पोराकडून कबुली कशी घेतली जाते ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मुलाने आधी वकिलाशी बोलल्याशिवाय, स्वतःच्या आणि पालकांच्या खुशीशिवाय एकही प्रकरण तिथे जाऊ नये. तिथे बोललेला शब्द पुढे पुरावा होऊ नये. कुणालाही आपल्या हक्कावर पाणी सोडायला लावता येणार नाही, हे बालन्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतच आहे. त्यावर अट म्हणून बोट ठेवावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले, "पोरांची पंचायत भरवणार काय? जातपंचायती मोडायला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आणावा लागला, विसरलात?" विसरलो नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालली. गावाने तंटे मिटवायचे आणि सरकारने लोकसंख्येप्रमाणे लाखांची बक्षिसे द्यायची. कल्पना वाईट नव्हती. पण बक्षीस तंटा मिटल्यावर होते, न्याय झाल्यावर नव्हते. त्यामुळे अॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन निघालेल्या माणसाला 'गावाचं बक्षीस घालवतोस काय' असे ऐकावे लागले. खैरलांजीला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. सार्वजनिक पैसा चुकीच्या जागी लावला की तो दुबळ्याच्या मानेवर बसतो, हे त्या मोहिमेने आम्हाला शिकवले.

तेव्हा पैसा निकालावर लावायचा नाही, माणसांवर लावायचा. किती मिटवली यावर एक रुपयाही नको. अॅट्रॉसिटीची, लैंगिक अत्याचाराची प्रकरणे या दारात येताच कामा नयेत. आणि निवाड्याला बसणारी मुले फक्त इंग्रजी शाळेतली, वक्तृत्व स्पर्धा जिंकणारी असतील तर आम्ही पहिले विरोध करू. वरच्या गल्लीची पोरे न्यायाधीश आणि खालच्या वस्तीची पोरे आरोपी, असले न्यायालय हजारो वर्षे चालूच आहे, त्याला नवी पाटी कशाला? निम्मी मुले वस्त्यांतली, महापालिकेच्या शाळांतली, आणि कधीकाळी स्वतः मंडळापुढे उभी राहिलेलीही असली पाहिजेत.

खर्च तो काय? एक समन्वयक, एक समुपदेशक, दोन फिरते अनुदूत. प्रशिक्षण, मुलांचा नाष्टा, रिक्षाभाडे. आणि आमचा आग्रह असा की, तारखेला येणाऱ्या आईच्या बुडालेल्या रोजाची भरपाई. राजारामपुरीत गणपतीच्या आगमनाला साऊंडच्या ज्या भिंती उभ्या राहतात त्यांना वर्गणी देणारे पुढारी कमी नाहीत. आपल्या जयंतीचा डीजेही त्यातलाच, हेही बोलले पाहिजे. मिरवणुकीत भांडून अंगावर केस घेतलेले पोरगे दुसऱ्या दिवशी एकटेच असते.

पण हे काम वर्गणीवर चालवायचे नाही. अमेरिकेतही अशी अनेक न्यायालये अनुदानावर जगतात आणि अनुदान संपले की बंद पडतात. बालन्याय कायद्याच्या कलम १०५ मध्ये राज्याच्या बालन्याय निधीची तरतूद आहे. केंद्राची मिशन वात्सल्य योजना आहे, तिच्यात राज्याचा वाटा ४० टक्के. जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखण्याचा शासन निर्णय आहे. पैसा तिथून यावा. अनुसूचित जाती उपयोजनेला मात्र हात लावायचा नाही. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४०० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच ओरड केली होती. पोरांना न्याय देणे हे सगळ्या राज्याचे काम आहे. त्याचे बिल आमच्या पोरांच्या वसतिगृहावर आणि शिष्यवृत्तीवर फाडू नये.

चाळीस वर्षांहून अधिक काळ आम्ही कोल्हापूरचे वकील खंडपीठासाठी झगडलो. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, तेव्हा आमच्यातल्या कित्येकांचे डोळे भरून आले. आपल्यातला माणूस त्या खुर्चीत होता. तेव्हा जुनी वास्तू सजली, जागा मिळाली, पैसाही मिळाला, कारण काळे कोट रस्त्यावर उतरले होते. या मुलांसाठी आम्ही कोट घालून कधी उतरलो? बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे, त्यांच्या हयातीत, १९५० साली बसवलेला. त्याच चौकात उपकारागृह आहे. मोटारसायकल नेणाऱ्या तिघांपैकी एक जण अठरा पुरी झाल्यावर तिथे जाऊन आला. आमचा पोरगा सध्या एका गॅरेजात आहे.

जिल्हा नियोजन समितीला आणि महिला व बालविकास विभागाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. येत्या रविवारी बुद्धवंदनेनंतर तो वस्तीतल्या विहारात वाचून दाखवू. वकील मित्रांनी दुरुस्त्या लेखी आणाव्यात. आणि ज्या आयांनी तारखांना रोज बुडवले आहेत त्यांनी किती बुडाले याचा आकडा सोबत आणावा, तो निवेदनात घालायचा आहे.