काल रात्री!

गेली अठरा वर्षे मी ‘स्मृतिचित्रे’ शिकवतो आहे. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या जिवाची झालेली उलघाल मी वर्गात अगदी रंगवून सांगतो. या बाईंनी आपले भय, रुसवा, फजिती काहीसुद्धा झाकले नाही, हे माझे ठरलेले वाक्य!

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, “सर, तुम्ही कधी रडलात हो?” वर्ग हसला. मी घाईघाईने पान उलटले.

वडील गेले, तेव्हा ‘किती खंबीर!’ म्हणून नातेवाइकांनी मला वाखाणले होते. त्या रात्री सौभाग्यवतीला वर्गातली ही गंमत सांगायला बसलो आणि वडिलांच्या नावापाशीच गळा दाटला. तिने मुकाट्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उत्तर दिले, “काल रात्री.”

या खेपेस मात्र वर्गात कोणीही हसले नाही.