चौथ्या आठवड्याकडे, अंड्यातून

बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या वर्गाला कोंबडीच्या गर्भाचं प्रात्यक्षिक असलं की पहिली अडचण अंड्यांची येते. कोपऱ्यावरच्या दुकानातली पांढरी अंडी इथे चालत नाहीत. लेयर फार्मवर कोंबडे ठेवतच नाहीत; त्यामुळे तिथली अंडी ऑम्लेटला उत्तम, पण कितीही ऊब दिली तरी त्यांत काही वाढायचं नाही. फलित अंडी हॅचरीतून आणावी लागतात, नाहीतर गावाहून ये-जा करणाऱ्या कुणाला तरी गावठी अंडी सांगून ठेवावी लागतात. अंडं बाहेर पडतं तेव्हा फलन होऊन साधारण एक दिवस उलटलेला असतो आणि बलकावरच्या फिकट ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. बाहेरच्या गारव्यात ही वाढ थबकते. पुन्हा ऊब मिळाली की जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते.

ही ऊब म्हणजे ३७.५ ते ३८ अंश सेल्सिअस. इन्क्युबेटरमध्ये पाण्याचं भांडं ठेवायचं, म्हणजे हवा कोरडी पडत नाही. मग सुरू होतं तासांचं गणित. जर्नलमध्ये शीर्षक असतं ‘३३ तासांचा गर्भ’. बुधवारी सकाळी अकराला प्रात्यक्षिक, म्हणजे अंडी मंगळवारी पहाटे दोनला आत जायला हवीत. त्या वेळी कॉलेजात फक्त रखवालदार असतो. म्हणून प्रयोगशाळेतले मामा सोमवारी संध्याकाळी घरी निघतानाच अंडी आत ठेवतात, टरफलावर पेन्सिलीने वेळ लिहून. पेन्सिलीनेच, कारण टरफल सच्छिद्र असतं आणि शाई आत झिरपू शकते. थंडगार अंडं आतपर्यंत तापायला काही तास जातात, त्यामुळे हिशेब आपोआप बराचसा जुळतो. पूर्ण मात्र कधीच जुळत नाही. एकाच ट्रेमधली दोन अंडी फोडली तर एक गर्भ पुढे असतो, दुसरा मागे. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ साली कोंबडीच्या गर्भवाढीचे ४६ टप्पे ठरवले, ते घड्याळावरून न ठरवता गर्भाच्या रूपावरून ठरवले, ते याचमुळे.

फोडण्याआधी अंडं काही वेळ आडवं ठेवतात, म्हणजे गर्भ बलकावर तरंगत वरच्या बाजूला येतो. मग कोमट सलाइन भरलेल्या वाडग्यात, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ नेऊन, ते हलकेच फोडायचं. निम्म्या वर्गाचे हात इथेच थरथरतात. काही घरांत अंडं चालत नाही. तिथली मुलं बाजूला उभी राहून नुसती बघतात आणि समजूतदार मॅडम त्यांना तयार स्लाइड देतात. बलक फुटला की सगळंच पिवळं होतं, मग दुसरं अंडं मागायचं. बलक शाबूत राहिला तर वर एक पारदर्शक डाग दिसतो आणि त्याच्याभोवती फिकट कडं. फिल्टर पेपरची मधून कापलेली रिंग त्यावर अलगद बसवायची, बाहेरच्या कडेने कात्री फिरवायची आणि चिमट्याने रिंग उचलायची. बलकाचा पातळ पापुद्रा कागदाला चिकटून येतो, त्याच्यासोबत गर्भही. वॉच ग्लासमध्ये सलाइनने धुतला की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला तयार.

“मॅडम, हलतंय!” ही आरोळी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या टेबलावरून उठतेच. हलत असतं ते हृदय. अजून त्याला कप्पे नाहीत, ती एका बाजूला फुगलेली नळी आहे. ठोके सुरुवातीला अडखळत पडतात: दोन-तीन, मग विश्रांती. सलाइन गार झालं की ते थांबतात आणि ड्रॉपरने कोमट थेंब सोडले की पुन्हा सुरू होतात. शरीरभर फिरवायला रक्त नाही, हुकूम द्यायला नस पोचलेली नाही, तरी स्नायू आपल्याच लयीत आकुंचन पावतोय. ॲरिस्टॉटलने रोज एक अंडं फोडून तिसऱ्या दिवशी धडधडणारा लाल ठिपका पाहिल्याची नोंद केली आहे. भिंग असतं तर त्याला हे एक दिवस आधीच दिसलं असतं.

हृदयावरून नजर हटली की बाकीचं शरीर दिसू लागतं. मध्यरेषेवर मज्जानलिका, डोक्याकडे रुंद होत गेलेली. तिच्या दोन्ही अंगांना चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या, म्हणजे सोमाइट. त्यांतून पुढे मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू होतात. या जोड्या मोजणं हे प्रात्यक्षिकाचं खरं काम, कारण गर्भाचं वय त्यांवरून कळतं. कोंबडीत साधारण दर दीड तासाला एक जोडी तयार होते. दहा जोड्या म्हणजे दहावा टप्पा, जर्नलमधला ‘३३ तास’.

माणसाच्या गर्भात एका जोडीला जवळपास पाच तास लागतात. पण चित्र इतकं सारखं, की दहा सोमाइटांचे दोन गर्भ शेजारी ठेवले तर नवख्या विद्यार्थ्याची फसगत व्हावी. माणसात ही अवस्था फलनानंतर सुमारे २२व्या दिवशी येते. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. हृदयाचे पहिले ठोके याच सुमारास. सस्तन असूनही उंदीर इथे कमी उपयोगाचा, कारण त्याचा गर्भ या वयात पेल्यासारखा खोलगट असतो. माणसाचा आणि कोंबडीचा गर्भ मात्र सपाट चकतीपासून सुरू होतो. बलक नसूनही माणसाच्या गर्भाला बलकपिशवी असते आणि पहिल्या रक्तपेशी तिथेच बनतात.

मग थेट माणसाचाच गर्भ का पाहत नाहीत? हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतंच. उत्तर असं, की तो जिवंत पाहण्याची सोयच नाही. मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपुढे वाढवायला भारतातही मनाई आहे. ज्या प्रिमिटिव्ह स्ट्रीकपासून शरीराला डोकं-शेपूट आणि डावं-उजवं मिळतं, ती माणसात साधारण १५व्या दिवशी उमटते. कोंबडीत ती १८ तासांच्या अंड्यात समोर दिसते. पाठ्यपुस्तकातली पहिल्या दोन-अडीच आठवड्यांची मानवी चित्रं बऱ्याच अंशी एकाच संग्रहातून आलेली आहेत. अमेरिकेत ब्रुकलाइनच्या फ्री हॉस्पिटल फॉर विमेनमध्ये जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग यांनी १९३८ ते १९५३ या काळात, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांच्या काढलेल्या गर्भाशयांत शोध घेतला. पहिल्या १७ दिवसांतले ३४ गर्भ हाती लागले आणि ते बाल्टिमोरच्या कार्नेगी संग्रहात गेले. आज असा अभ्यास कुठल्या नैतिक समितीपुढे मांडायचं धाडसही कुणी करणार नाही. परीक्षेसाठी आकृती काढताना मात्र त्यामागे खऱ्या स्त्रिया होत्या हे क्वचितच कुणी सांगतं.

मज्जानलिकेचा तुकडा वर्गात जास्त वेळ रेंगाळावा असा आहे. सपाट पट्टीच्या कडा उचलल्या जातात आणि मधोमध जुळून नळी बनते. माणसात डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या आसपास मिटतं, शेपटीकडचं २८व्या. खालचं उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा, वरचं राहिलं तर मेंदूच नीट बनत नाही. आता दवाखान्यातला हिशेब पाहा. डॉक्टर आठवडे मोजतात शेवटच्या पाळीपासून, फलनापासून नाही; दोन्हींत दोन आठवड्यांचा फरक. २८वा दिवस म्हणजे कागदावर सहा आठवडे, पाळी चुकून जेमतेम दोन. कित्येक घरांत तोवर ‘बघू अजून थोडे दिवस’ चाललेलं असतं. आधी असं मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तोच दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, असं ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१च्या चाचणीत दिसलं. गोळी दिवस राहण्याआधीच का सुरू करायची, ते दहा सोमाइटांच्या गर्भाची अर्धवट मिटलेली नळी पाहिलेल्याला वेगळं समजावावं लागत नाही.

पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे. एडिंबरोला गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या लीला मुळहेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावरच्या संशोधनाची घडी बसवली. डेनिस न्यू यांनी १९५५ साली मांडलेली पद्धत त्यासाठी फार सोयीची: पापुद्रा काचेच्या रिंगवर ताणून बसवायचा आणि गर्भ टरफलाबाहेर, वॉच ग्लासमध्येच वाढवायचा. एखादं रसायन घातलं तर नळी मिटते की नाही, ते डोळ्यांदेखत कळतं. महागडं यंत्र लागत नाही. स्थिर हात लागतो.

पदवीच्या वर्गात मजल परमनंट स्लाइडपर्यंतच जाते. बुआँ द्रावणात गर्भ टिकवायचा, बोरॅक्स कार्माइनने रंगवायचा, अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून डीपीएक्समध्ये बसवायचा. रंग जादा चढला तर सोमाइट मोजता येत नाहीत, कमी पडला तर दिसत नाहीत. ४८ तासांची स्लाइड तोंडी परीक्षेत हमखास पुढे येते: डोकं बाजूने दिसतं आणि धड वरून, हे कसं? विद्यार्थी स्लाइड उलटसुलट करून पाहतात. एव्हाना डोकं वळून डाव्या कुशीवर आलेलं असतं, धड अजून बलकावर पालथंच असतं. ७२ तासांच्या स्लाइडमध्ये धडही बरंचसं वळलेलं सापडतं, आणि त्याच्या कडेला पंख-पायांचे कोंब. माणसात हातांचे कोंब येतात चौथा आठवडा संपता संपता.