मोठे पद सोडून ‘कोच’ होताना

अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये आणि मुंबई आयआयटीचे औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. अशा संस्थांतून घडलेला डिझायनर कालांतराने विभागप्रमुख होतो आणि त्याच्या हातातील पेन्सिल सुटते. दिवस जातो तो नेमणुका, अंदाजपत्रके आणि सहकाऱ्यांमधील मतभेद मिटवण्यात. काहींना मग उमगते, की वस्तू घडवण्यापेक्षा माणूस घडताना पाहणे आपल्याला अधिक प्रिय आहे. पगाराचे पद सोडून ‘व्यावसायिक कोच’ होण्याचा मुलाचा किंवा मुलीचा हा मनोदय पेढीवर बसणाऱ्या वडिलांच्या सहजी पचनी पडत नाही.

गैरसमज शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे कोचिंग म्हणजे शिकवणी. हा कोच मात्र शिकवत नाही, सल्लाही क्वचितच देतो. तो ऐकतो, नेमके प्रश्न विचारतो आणि समोरच्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ देतो. टिमोथी गॅलवे यांनी १९७४ च्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात खेळाडूच्या मनातील अडथळ्यांचा विचार मांडला. मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी तो उद्योगजगतात रुजवला. आज इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून ओळखली जाणारी संस्था १९९५ मध्ये स्थापन करणारे थॉमस लिओनार्ड हे मूळचे आर्थिक नियोजनकार होते.

भारतात या व्यवसायाला सरकारी परवाना लागत नाही. कोणीही पाटी लावू शकतो. म्हणूनच प्रमाणपत्राला महत्त्व येते. या फेडरेशनच्या पहिल्या श्रेणीसाठी ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. दुसरीसाठी १२५ आणि ५००, तर सर्वोच्च श्रेणीसाठी २०० आणि २,५०० तास.

आता हिशेब. तासाचा दर मोठा दिसतो, पण सगळे तास विकले जात नाहीत. ग्राहक शोधणे आणि तयारी करणे यांचे पैसे कोणी देत नाही. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा आणि कंपनीचा आरोग्यविमा थांबतो. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली, की जीएसटी नोंदणी करावी लागते. म्हणून दीड वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवावा आणि कंपनीच्या परवानगीने पहिले १०० तास नोकरीत असतानाच पूर्ण करावेत. नवा माल भरण्यापूर्वी व्यापारी नमुना पाहतो, तसेच हे आहे.

पैशाहून कठीण त्याग वेगळाच आहे. ‘हे चुकले, असे करा’ असे सांगण्यासाठीच डिझाइनप्रमुखाला पगार मिळत होता. कोचला नेमकी तीच सवय सोडावी लागते. आपले मत हाही एक परिग्रह आहे आणि समोरच्याची बाजू त्याच्या जागेवरून पाहणे हा अनेकान्तवादाचा रोजचा अभ्यास आहे.

तेव्हा घरात हा विषय निघाल्यास ‘किती मिळेल?’ एवढ्यावरच थांबू नये. ‘किती तास झाले? त्यातून कोणाचे काय सुटले?’ हेही विचारावे. या दोन्हींची उत्तरे वहीत नोंदलेली असतील, तर आशीर्वाद द्यायला हरकत नाही.