शस्त्रं देणाऱ्याचं किती ऐकायचं?

बातम्यांत अमेरिका आणि इस्रायल ही नावं आली की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. एवढी शस्त्रं, एवढा पैसा अमेरिका देते, मग तिने "थांब" म्हटलं की इस्रायल लगेच थांबत का नाही? आज आम्ही पन्नास वर्षांपूर्वीच्या एका लढाईची गोष्ट सांगणार आहोत. तीत याचं बरंचसं उत्तर आहे.

६ ऑक्टोबर १९७३. ज्यू लोकांच्या मोठ्या उपवासाचा दिवस, योम किप्पूर. त्याच दिवशी इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर दोन बाजूंनी हल्ला केला. १९६७ च्या लढाईत इस्रायलने इजिप्तचं सिनाई वाळवंट आणि सीरियाच्या गोलन टेकड्या घेतल्या होत्या, त्या परत हव्या होत्या. इस्रायलच्या पंतप्रधान तेव्हा एक बाई होत्या, गोल्डा मेयर. पहिल्या काही दिवसांतच रणगाडे आणि विमानं भराभर कमी झाली. मग अमेरिकेने विमानं भरभरून शस्त्रं पाठवली.

पुढे बाजू उलटली. २२ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांनी युद्ध थांबवायला सांगितलं, तरी लढाई चालूच राहिली आणि इस्रायलने सुएझ कालव्यापाशी इजिप्तची एक अख्खी फौज वेढली. हजारो सैनिक वाळवंटात, ना पाणी ना अन्न. इस्रायलला वाटत होतं, आता यांनी शरण यावं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना ते नको होतं. इजिप्तची पार नाचक्की झाली तर त्यांचे अध्यक्ष सादात बोलणी कशी करणार? शिवाय सोव्हिएत रशिया मध्ये पडायच्या बेतात होता. अमेरिकेने दम भरला, आणि मनात नसताना गोल्डाबाईंनी पाणी, अन्न, औषधं आत जाऊ दिली.

नंतर किसिंजर या राजधानीतून त्या राजधानीत विमानाने फिरत राहिले, मागावरचा धोटा इकडून तिकडे जावा तसे. म्हणूनच त्याला शटल डिप्लोमसी म्हणतात. जानेवारी १९७४ मध्ये इजिप्तशी आणि मे अखेर सीरियाशी सैन्यं मागे घेण्याचे करार झाले.

या लढाईची झळ आपल्यालाही बसली बरं का. इस्रायलला मदत केली म्हणून अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. तेलाचं पिंप तीन डॉलरच्या आसपास मिळायचं, ते काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरवर गेलं. महाराष्ट्र नुकताच १९७२ च्या दुष्काळातून उठत होता, त्यात तेल आणि खत महागलं. घरातल्या मोठ्या बायकांना विचारून बघा.

पण इस्रायल दर वेळी वाकला असं नाही. मार्च १९७५ मध्ये नवे पंतप्रधान राबिन यांनी सिनाईतून आणखी मागे हटण्याच्या अटी मान्य केल्या नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड चिडले. इस्रायलबद्दलच्या धोरणाचा फेरविचार करतो म्हणाले आणि नव्या शस्त्रांचे व्यवहार अडवून धरले. तेव्हा अमेरिकेच्याच सिनेटमधल्या १०० पैकी ७६ सदस्यांनी इस्रायलच्या बाजूने फोर्ड यांना पत्र लिहिलं! आपल्या गटात अध्यक्षा एक सांगते आणि निम्म्याहून जास्त सदस्या समोरच्या बाजूने उभ्या राहतात, तसंच म्हणा. शस्त्रं देणाऱ्याच्या घरातच आपली माणसं असली, की घेणाराही घासाघीस करू शकतो.

झालंही तसंच. सप्टेंबर १९७५ च्या करारात इस्रायलने सिनाईतल्या दोन मोक्याच्या खिंडी आणि अबू रुदेसच्या तेलविहिरी सोडल्या. बदल्यात अमेरिकेकडून शस्त्रं, पैसा, तेल कमी पडलं तर पुरवण्याचं वचन, आणि खिंडींवर नजर ठेवायला २०० अमेरिकन माणसं मिळाली. म्हणजे दबाव खरा होता, पण त्याची किंमत दबाव टाकणाऱ्यानेच मोजली. आमच्या मते त्या वर्षातली सगळ्यात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच.

१९७९ मध्ये इजिप्त आणि इस्रायल यांचा शांतता करार झाला, १९८२ मध्ये सिनाई जवळजवळ पूर्ण परत गेलं. गोलन मात्र इस्रायलकडेच राहिलं, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने ते इस्रायलचंच असल्याचं मान्य केलं. आणि ज्यांची घरंदारं गेली ते पॅलेस्टिनी? १९७५ च्या त्याच व्यवहारात अमेरिकेने इस्रायलला आणखी एक वचन दिलं होतं. पॅलेस्टिनींची संघटना इस्रायलचं अस्तित्व मान्य करत नाही, तोवर आम्ही तिच्याशी बोलणार नाही.