छंदाच्या रकान्यात काय लिहायचं?

आज नोकरीच्या अर्जातल्या एका छोट्या रकान्याबद्दल बोलू या. तो रकाना म्हणजे छंद.

गटातल्या बायकांच्या मुली शिकल्या, नोकरी शोधू लागल्या, की बायोडाटा दाखवायला आमच्याकडे येतात. शिक्षण नीट लिहिलेलं असतं. अनुभवापुढे ‘नाही’ असतं. आणि छंदापुढे ठरलेले तीन शब्द असतात : वाचन, संगीत, स्वयंपाक. हे शब्द बहुतेक वेळा लग्नाच्या बायोडाट्यातून उचललेले असतात. रास, उंची, वर्ण हेही कधी कधी तसंच उतरतं. नोकरी देणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. त्याला एवढंच कळायला हवं असतं, की ही मुलगी आमचं काम करू शकेल का?

जिच्याकडे पगारी कामाचा अनुभव नाही, तिला हे दाखवायला फार जागा नसते. म्हणून छंदाची एक ओळसुद्धा वाया घालवू नये.

शहरात शिकायला गेलेल्या मुलींकडून हल्ली एक नवा प्रश्न येतो : “आम्ही रोल-प्लेइंग गेम खेळतो, ते लिहावं का?” घरच्यांना वाटतं, मोबाइलवरचा गेम असेल, पैसे लावत असेल. तसं नाही. असे खेळ मोबाइलवर, संगणकावरही असतात; पण या मुली खेळतात तो टेबलाभोवती बसून. चार-पाच जणी जमतात. एक जण गोष्ट पुढे नेते आणि नियम सांभाळते. बाकीच्या एकेक पात्र घेतात आणि अडचण आली की त्या पात्राने काय करायचं ते ठरवतात. जमलं की फसलं, हे फासे सांगतात. एकच गोष्ट महिनोन्‌महिने चालू शकते. यातला सर्वांत नावाजलेला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली विक्रीला आला.

आपल्याला सोंग घेणं नवं नाही. भारुडात आपण ते पाहत आलो आहोत. गटाच्या प्रशिक्षणातही एक जण बँकेची साहेब होते, दुसरी कर्ज मागायला जाते, आणि त्यातूनच बोलायची भीड चेपते.

मग लिहावं का? आमचं उत्तर असं : खेळाचं नुसतं नाव लिहू नका, त्यात तुम्ही काय काम केलं ते लिहा. ‘छंद : गेम खेळणे’ एवढं वाचून समोरच्याचा गैरसमजच व्हायचा. त्याऐवजी असं लिहा : ‘पाच जणींचा कथाखेळाचा गट दोन वर्षं चालवला, दर रविवारची वेळ जुळवणे, नवीन मुलींना नियम शिकवणे, वाद मिटवणे.’ अर्थात हे खरंच केलं असेल तरच. नुसतं खेळायला जात असाल, तर गट चालवला असं लिहू नका. आणि खेळाला ‘दोन वर्षांचा अनुभव’ म्हणून अनुभवाच्या रकान्यात बसवू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

दुसरं, नोकरी कोणती ते बघा. खेळ बनवणारी कंपनी, ॲनिमेशन, लेखन, मुलांना शिकवणं, अशा कामाला ही ओळख उपयोगी पडते; ती ठळक लिहा. पतसंस्थेत किंवा हिशेबाच्या कामाला अर्ज असेल तर शेवटी एक ओळ पुरे, आणि जागा कमी असेल तर तीही गाळा. तिथे टॅली येतं का, हे आधी दिसू द्या. सरकारी भरतीचा अर्ज ठरलेल्या नमुन्याचा असतो. त्यात विचारलं असेल तेवढंच भरायचं.

तिसरं, लिहिलं म्हणजे विचारणार, हे धरून चला. कुणी हसून म्हणेल, “म्हणजे लुटुपुटूचा खेळ?” तेव्हा रागावू नका, ओशाळूही नका. दोन वाक्यांत खेळ सांगा आणि तिसऱ्या वाक्यात त्यातून काय शिकलात ते सांगा. आरशासमोर नको, आईसमोर बोलून बघा. आईला कळलं, तर साहेबालाही कळेल.

हाच नियम बाकी छंदांनाही लावा. ‘भजन’ लिहिण्यापेक्षा ‘बारा जणींच्या भजनी मंडळाचे कार्यक्रम ठरवते’ हे जास्त सांगतं. आणि मुलींनो, आईच्या बचत गटाचं मासिक रजिस्टर तुम्ही लिहीत असाल, तर तो छंद नव्हे. बचत, कर्ज, परतफेड, व्याज यांचा मेळ घालणं हे काम आहे. त्याला पगार मिळाला नाही, तरी अनुभवापुढे ‘नाही’ लिहू नका. ‘बचत गटाचे हिशेब लिहिले, विनावेतन’ असं स्पष्ट लिहा.

आज संध्याकाळी घरातला बायोडाटा काढा, आणि प्रत्येक शब्दाला विचारा : यातून माझं कोणतं काम दिसतं? ज्याला उत्तर नाही, तो शब्द खोडा.