कॅम्प ४ मधून गोल्फच्या चार मेजर
आपल्या उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये गोल्फचं मैदान नाही, पण बघायला मैदान कशाला हवं? पुरुषांच्या चार मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा, लक्षात ठेवा: एप्रिलमध्ये मास्टर्स, मेमध्ये पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन, जुलैमध्ये द ओपन. चार दिवस, रोज १८ होल; सगळ्यांत कमी फटके मारणारा जिंकतो.

द ओपन सर्वांत जुनी, १८६० पासूनची. मास्टर्स दरवर्षी अमेरिकेतल्या ऑगस्टालाच, विजेत्याला हिरवा कोट. पण तिचा निकाल आपल्याकडे सोमवारी पहाटे लागतो, विठ्ठलवाडीहून लोकल पकडणाऱ्यांचे हालच! म्हणून नवख्यांनी द ओपनपासून सुरुवात करावी; ती दुपारपासून रात्रीपर्यंत आरामात दिसते.

आणि हो, पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीएत संयुक्त पाचवा आला होता. त्याआधी कुठलाच भारतीय पुरुष मेजरमध्ये इतका वर गेला नव्हता.