लव्हाळ्यावरचा सल्फा

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस घालणाऱ्या कुणालाही लव्हाळ्याबद्दल विचारा, पहिलं उत्तर बहुधा शिवीच येईल. कितीही खुरपा, जमिनीत गाठ राहते आणि पुन्हा कोंब फुटतो. मग हॅलोसल्फ्युरॉन या तणनाशकाची पुडी येते. फवारल्यावर काही दिवस लव्हाळा हिरवाच दिसतो, औषध बोगस निघालं असं वाटतं. पण तो आतून उपाशी पडलेला असतो. व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं बनवणारं त्याचं विकर, म्हणजे एन्झाइम, या रेणूनं जखडलेलं असतं. हे विकर माणसात नाही. उसात आहे, पण ऊस हा रेणू झटपट मोडून टाकतो.

हा रेणू माणसाच्या जंतुसंसर्गावरच्या सल्फा औषधांचा भाऊबंद. गंधकाला दोन ऑक्सिजन, शेजारी नायट्रोजन, हा सांगाडा दोघांतही तोच. जंतूंना फॉलिक आम्ल घरीच बनवावं लागतं. आपल्याला ते मेथी-पालकातून मिळतं. जंतूंना फॉलिक आम्लासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचं सोंग सल्फा घेतो, विकर फसतं आणि जंतूंची वाढ थांबते. 1940 च्या सुमारास परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि भालचंद्र दीक्षित यांनी यातलंच सल्फाथायाझोल प्लेगची लागण केलेल्या उंदरांवर तपासलं. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

नवा सल्फा बनवणं तसं अवघड नाही. सल्फोनिल क्लोराइड घ्यायचं, थंडाव्यात अमाइन मिसळायचं, सुटणारं आम्ल मारायला थोडा अल्कली. बर्फाच्या पाण्यात ओतलं की बहुतेकदा पांढरट साका खाली बसतो. शेपटी, म्हणजे अमाइन, बदलली की नवा रेणू. खरी कसोटी पुढे. विकर, त्याचं खाद्य आणि नवा रेणू एकत्र ठेवून, विकराचा वेग निम्मा व्हायला किती रेणू लागतो ते मोजायचं. जितका कमी, तितका चांगला. बहुतेक साके इथेच बाद होतात. परीक्षानळीत पास झालेल्याला ‘औषध’ म्हणण्याची घाई मात्र करू नये. बातम्यांत ती फार होते.

जंतू असो वा तण, विकरातलं एखादं अमिनो आम्ल बदललं तरी असा रेणू त्यात बसेनासा होतो, आणि वाचलेलेच पुढे वाढतात. म्हणून नावात ‘सल्फ्युरॉन’ असलेलं औषध एकाच फडात वर्षानुवर्षं मारू नका. पुडी बदलताना कंपनीचं नाव नव्हे, आतल्या घटकाचं नाव वाचा.